जांबोटीच्या पावसात स्वस्त गॅस: आधी किलो मोजा, मग भाव विचारा

ताई, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी मांडतो. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीजवळ तुमचं आठ माणसांचं घर आणि त्याला लागून पाहुण्यांसाठी सहा खोल्या. अंघोळीच्या पाण्याला गॅस गिझर, आणि पावसाळ्यात तीन खोल्यांत गॅसवर चालणारे हिटर. स्वयंपाकाचा गॅस वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये नुसतं पाणी आणि हिटर मिळून महिन्याला १९ किलोचे नऊ सिलिंडर लागतात. इंग्लंडमधल्या भावाच्या घरामागे मोठी गॅसची टाकी आहे, टँकर येऊन ती भरून जातो आणि तो दोन-चार कंपन्यांचे भाव विचारून स्वस्तात घेतो. तसा घाऊक गॅस इकडे कोण देतं, आणि हद्दीपलीकडून, म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगडकडून किंवा गोव्यातून, आणला तर परवडेल का, असं तुम्ही विचारलंत.

मी बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात गॅसच्या जोडण्या करतो. हॉटेलं, खानावळी, मंगल कार्यालयं, काजूचे कारखाने, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेड. घाऊक भावाबद्दल पुढे सगळं सांगतोच, पण तुमच्या आकड्यांवरून मला दिसतंय ते आधी सांगितलं पाहिजे. तुमचा निम्म्याहून जास्त गॅस जिथे जळतोय तिथे तो जळायलाच नको. ते थांबवल्यावर तुम्हाला घाऊक पुरवठादार लागणारही नाही.

हिशोब मांडू. एक किलो गॅसमधून साधारण १०,९०० किलोकॅलरी उष्णता मिळते. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ४४० किलोकॅलरी लागतात. गिझरमध्ये शंभरातली ऐंशी उष्णता पाण्याला मिळते असं धरलं, तर एका बादलीला ५० ग्रॅम गॅस, म्हणजे किलोला वीस बादल्या. घरची आठ माणसं आणि खोल्या भरलेल्या असताना बारा पाहुणे, अशी वीस माणसं. माणशी दोन बादल्या धरल्या तरी दिवसाला चाळीस, महिन्याला बाराशे. त्याला गॅस लागतो ६० किलो, म्हणजे तीन सिलिंडरांच्या जरा वर.

मग उरलेले सहा सिलिंडर कुठे गेले? हिटरमध्ये. तीन पट्ट्यांचा जो हिटर बाजारात मिळतो तो पूर्ण चालवला की तासाला सुमारे ३०० ग्रॅम गॅस खातो. तीन खोल्या, रोज चार तास, म्हणजे दिवसाला ३.६ किलो आणि महिन्याला १०८ किलो. ६० आणि १०८ मिळून १६८. तुमचे नऊ सिलिंडर म्हणजे १७१ किलो. हिशोब जवळजवळ जुळला.

आता हे हिटर खोलीत काय करतात ते नीट वाचा, कारण इथे पैशाहून मोठी गोष्ट आहे. धुराडं नसलेल्या हिटरमध्ये जे जळतं ते सगळं खोलीतच राहतं. एक किलो गॅस जळला की त्यातून दीड लिटरपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात त्रास थंडीचा कमी आणि ओलीचा जास्त, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. गादी दमट, भिंतीला बुरशी, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशा खोलीत चार तास हिटर लावला की जवळजवळ दोन लिटर पाणी आणखी हवेत सोडलं जातं. खोली तेवढ्यापुरती गरम वाटते, हिटर बंद केला की तेच पाणी गार भिंतीवर बसतं. पाहुणे पुन्हा ओलीची तक्रार करतात आणि आपण पुन्हा हिटर लावतो.

आणि दुसरी गोष्ट. पावसामुळे दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या. खोलीतला प्राणवायू कमी होत गेला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये उग्र वासाचा मरकॅप्टन मिसळतात, पण त्याचा इथे उपयोग नाही. हा वायू गळतीतून येत नाही, जळण्यातून येतो. दिवसभर फिरून दमून झोपलेले पाहुणे आणि आत सिलिंडरसकट हिटर, हे मी कुठल्याही घरात मान्य करणार नाही. हे हिटर आजच बाहेर काढा. गॅस स्वस्त मिळाला तरी काढा, फुकट मिळाला तरी काढा.

त्याच्या जागी काय? तेल भरलेला विजेचा रेडिएटर चालेल. पण तुमच्या ठिकाणी हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, जास्त कामाचं आहे. ते हवेतलं पाणी बादलीत जमा करतं आणि चालताना थोडी उबही देतं. पाहुणे यायच्या आधी दुपारभर दारं लावून चालवा, गाद्या कोरड्या राहतील. पावसात वीज जाते हे खरं, म्हणून जाड वाकळा आणि रबरी गरम पाण्याच्या पिशव्या जवळ असू द्या. पिशव्यांना लागणारं पाणी गिझरचंच आहे. आणि जांभ्याच्या भिंतीत पाणी मुरत असेल तर पत्रा, पन्हाळ आणि गिलावा आधी करून घ्या. त्या खर्चाला पर्याय नाही.

हिटर गेले की महिन्याला ६० किलो उरले. आता त्यातला किती वाया जातो ते पाहू.

सिलिंडरमधला गॅस द्रवरूपात असतो. तो वायू होऊन वर येताना सिलिंडरच्या अंगातली उष्णता घेतो, म्हणून जोरात गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, घामेजतो, कधी खालच्या बाजूला दहिवर पडल्यासारखा पांढरा होतो. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण चालला तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस मागतो. सकाळी सात वाजता पर्यटनाला निघायच्या घाईत तीन गिझर एकदम सुरू झाले की तीन किलो. गार दमट हवेत १९ किलोचा एकटा सिलिंडर तेवढी वाफ देऊच शकत नाही. दाब पडतो, ज्योत बारीक होते, पाणी कोमट येतं, पाहुणा ओरडतो. मग कामावरचा मुलगा ‘संपला’ म्हणून सिलिंडर काढतो आणि दुसरा लावतो. काढलेल्या सिलिंडरमध्ये किलो-दीड किलो गॅस शिल्लक असतो. तो एजन्सीच्या गाडीतून परत जातो, आणि त्याचे पैसे कुणी परत देत नाही.

१९ किलोचा भाव समजण्यापुरता १,७०० रुपये धरा. किलोला साडेएकोणनव्वद. दीड किलो परत गेला म्हणजे १३४ रुपये गेले. सिलिंडरमागे शंभर रुपये सूट मिळवायला आपण चार एजन्स्यांत घासाघीस करतो, आणि त्याहून जास्त रक्कम मागच्या दाराने परत पाठवतो. म्हणून एक काटा घ्या. प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. भरलेला येतो तेव्हा ते अधिक १९ भरलं पाहिजे, आणि परत जाताना ते वजन किंवा त्याहून जेमतेम जास्त. दोन्ही आकडे वहीत लिहा. महिनाभरात खरा भाव कळेल: दिलेले पैसे भागिले प्रत्यक्ष जळलेले किलो. पुरवठादारांची तुलना करायची ती याच आकड्यावर. पट्टीवरच एक अक्षर आणि वर्ष असतं, ते तपासणीची मुदत सांगतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. मुदत उलटलेला सिलिंडर उतरवून घेऊ नका.

उपाय मॅनिफोल्डचा. चार सिलिंडर एका पाइपाला जोडायचे, दोन-दोनचे गट, एक गट चालू आणि एक राखीव. सकाळच्या गर्दीच्या तासाला चारही उघडे ठेवता येतात. भार वाटला गेला की कुठलाच सिलिंडर फार गार पडत नाही आणि तळापर्यंत जळतो. सिलिंडर गार पडला म्हणून तो गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवायची सवय आपल्याकडे फार आहे. ती मोडा. आडवा करून, उलटा करून गॅस काढणं तर त्याहून वाईट, कारण द्रव सरळ रेग्युलेटरमध्ये जातो. बाजारात द्रव ओढायचे वेगळ्या व्हॉल्वचे सिलिंडरही असतात. ते व्हेपरायझर, म्हणजे द्रव गॅसची वाफ करणारं यंत्र, असलेल्या कारखान्यासाठी. एजन्सीवाल्याने चुकून दिले तर परत करा.

मॅनिफोल्ड कुठे बसवायचा याला नियम आहे. परवान्याशिवाय एका आवारात एका वेळी १०० किलोपर्यंतच एलपीजी साठवता येतो, गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे. १९ चे पाच म्हणजे ९५ किलो, बसतं. पण तुमच्या घरच्या स्वयंपाकाचे १४.२ किलोचे दोन सिलिंडरही त्याच आवारात आहेत, तेही मोजायचे. चार मोठे आणि दोन घरगुती मिळून १०४ किलोच्या वर जातं. तेव्हा तीन मोठे चालू आणि घरचे दोन, किंवा चार मोठे आणि घरचा एक, असं ठेवा. पाहुण्यांचा स्वयंपाक ज्या सिलिंडरवर होतो तोही याच मोजणीत येतो, हे विसरू नका. जागा घराबाहेर, वर छप्पर आणि बाजू मोकळ्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून गटार, विहीर, खड्डा, तळघर यांच्याजवळ मुळीच नको. गळला तर तो तिथे जाऊन साठतो. जोडणी आयएस ६०४४ या मानकाप्रमाणे करणाऱ्याकडून करून घ्या आणि दाबचाचणीचा कागद मागा. गिझर मात्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या भिंतीवर. आत असतील तर हिटरच्याच दिवशी ते बाहेर काढा.

आता घाऊक टाकीचं. भावाच्या तिकडे अख्खं घर हिवाळाभर त्याच गॅसवर गरम ठेवतात, वर्षाला घरटी हजारो लिटर जळतात, म्हणून टँकर दारात येणं परवडतं. शिवाय टाकी बहुधा कंपनीचीच असते आणि ग्राहक काही काळ कराराने बांधलेला असतो, तेव्हा रोज हवा तो पुरवठादार तिकडेही निवडता येत नाही. आपल्याकडे हजार लिटरच्या वरची टाकी आली की स्थिर दाबपात्रांचे नियम लागतात. पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि पेट्रोलियमवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचा, परवाना, कुंपण, सुरक्षित अंतर, आगीची व्यवस्था, वेळोवेळी तपासणी. लांब अंतरावर गॅस नेणारे टँकर सतरा-अठरा टनांचे असतात. तुमची गरज हिटर धरूनही वर्षाला जेमतेम दोन टन, हिटर काढल्यावर एक टनाच्याही आत. उद्यमबागेत भट्टी चालवणाऱ्याने, मोठ्या बेकरीने याचा विचार करावा. त्याच्या अलीकडे ४२५ किलोचा जंबो सिलिंडरही इंडेनकडे आहे, तोही कारखान्यांसाठी, आणि १०० किलोच्या मर्यादेपलीकडचा.

तुमच्यासाठी प्रश्न १९ चा, फार तर ४७.५ किलोचा. दोन्हीचा किलोचा भाव काढून पाहा. ४७.५ चा भरलेला सिलिंडर रिकाम्याच्या वजनासकट शंभर किलोच्या आसपास जातो, तो चिखलातून ढकलणारी माणसं लागतात, हे भावात धरा. मला तुमच्या जागी १९ चाच बरा वाटतो.

पुरवठादार दोन प्रकारचे. एक इंडेन, भारत गॅस, एचपी या सरकारी कंपन्यांचे वितरक. दुसरे खासगी: सुपरगॅस, टोटलगॅस, गो-गॅस वगैरे, १९९३ पासून समांतर विक्रीची मुभा मिळालेले. खासगीवाल्यांचे सिलिंडर १९ किलोचेच असतील असं नाही, १७ किंवा ३३ किलोचेही असतात. ‘आमचा सिलिंडर दोनशेने स्वस्त’ असं सांगतात तेव्हा आधी वजन विचारा. व्यावसायिक सिलिंडरवर सरकारी वितरकही सूट देतात, मागितली तर आणि नियमित खप दाखवला तर. तुमच्या वहीतला वर्षभराचा खप घेऊन जा. रस्त्यावरच्या दोन-तीन होमस्टेवाल्यांनी मिळून बोलणी केली तर आणखी बरं. गाडी एकाच फेरीत सगळ्यांना उतरवून जाते, वितरकाचं डिझेल वाचतं, आणि त्या बचतीतला वाटा मागायचा तुम्हाला हक्क आहे. साठा मात्र ज्याचा त्याच्या आवारात, शंभराच्या आत. सगळ्यांचा एकाच्या मागच्या परसात नको.

भाव लेखी घ्या: घरपोच, जीएसटीसह, किलोला किती. ही सूट सरकारी भाव बदलला तरी टिकणार का? अनामत किती आणि जोडणी सोडताना परत किती? जोडणी घेताना मिळणारं सब्स्क्रिप्शन व्हाउचर जपून ठेवा, त्याशिवाय अनामत परत मिळवणं कठीण जातं. खासगी कंपनी घेतली तर रेग्युलेटर कोण बदलून देणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुलैत रस्ता बंद पडला किंवा गणपतीच्या गर्दीत गाडी किती दिवसांनी येणार? पन्नास रुपये स्वस्त पण आठ दिवस न येणारा सिलिंडर तुमच्या धंद्याला महाग आहे. खासगी विक्रेत्याकडे पतमानांकनाचं प्रमाणपत्र असावं लागतं, ते पाहायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. व्यावसायिक भाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतो, कारण तो आखाती बाजारातल्या मासिक भावाशी बांधलेला आहे. भाव उतरायची चिन्हं असतील तर शेवटच्या आठवड्यात एकच सिलिंडर मागवा.

सीमेपलीकडून आणण्याबद्दल. पेट्रोल-डिझेलचा कर राज्यागणिक वेगळा, म्हणून आपल्याकडे गाडीची टाकी भरायला हद्द ओलांडायची सवय आहे. गॅसचं तसं नाही. तो जीएसटीत आहे: व्यावसायिक १८ टक्के, घरगुती ५ टक्के, कर्नाटकात, महाराष्ट्रात, गोव्यात सारखाच. फरक पडतो तो वाहतुकीचा आणि वितरकाच्या सुटीचा, आणि तो चंदगडहून सिलिंडर आणण्याच्या भाड्यातच संपतो. वर गळती झाली तर धावून येणारा माणूस तिकडचा. १८ टक्के कराची वजावट मिळेल का, हे हिशोबनिसाला विचाराच. पण साडेसात हजारांखालच्या खोल्यांवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर वजावटीशिवाय आहे, त्यामुळे तुम्ही नोंदणीकृत असलात तरी तो कर खर्चातच धरा.

तुम्ही सहज लिहून गेलात की अडचणीत घरचा सिलिंडर पाहुण्यांच्या गिझरला लावतो. बरेच जण लावतात, म्हणून स्पष्ट सांगतो: लावू नका. घरगुती गॅस व्यवसायाला वापरायला २००० च्या एलपीजी आदेशाने बंदी आहे आणि तो आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे. अन्न व नागरी पुरवठा खात्याने सिलिंडर उचलून नेले तर जोडणीही जाते. उद्या काही घडलं तर विमाही हात वर करेल. काळ्या बाजारात १४.२ मधून १९ मध्ये भरलेले सिलिंडरही फिरतात. ते वजनाला कमी असतात आणि सील पुन्हा बसवलेलं असतं. असल्या स्वस्ताईच्या वाटेला जाऊ नका.

राहिलेल्या ६० किलोंचंही बघू. एका बादलीला विजेचं अर्धं युनिट लागतं. किलोभर गॅसच्या वीस बादल्यांना, थोडी घट धरून, अकरा युनिटं. गॅसचा किलोचा भाव अकराने भागा. १,७०० च्या सिलिंडरला तो आकडा आठ रुपये येतो. हेस्कॉम या आपल्या वीज कंपनीच्या बिलात युनिट त्याहून कमी पडत असेल तर साधा विजेचा गिझरही गॅसपेक्षा स्वस्त. हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, घेतलात तर त्याच वीस बादल्या चारेक युनिटांत होतात, आणि तो पावसाळ्यातल्या वीस-बावीस अंशांतही नीट चालतो. सुरुवातीचा खर्च मोठा आहे, पण सहा खोल्यांना मी तोच सुचवीन. गॅस गिझर वीज गेल्यावरच्या वेळेसाठी ठेवा. सौर बंब आठ महिने उत्तम, तुमच्या बाजूला जून ते सप्टेंबर मात्र त्याच्यावर विसंबू नका. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेतली दोनशे युनिटांपर्यंतची मोफत वीज घरगुती मीटरसाठी आहे, पाहुण्यांच्या खोल्यांची तार त्यावर ओढू नका. घरच्या आठ जणांच्या अंघोळीला परसातल्या झावळ्या-करवंट्यांवर तांब्याचा बंब पेटवत असाल तर तो बंद करायची काही गरज नाही. तेवढ्यानेच महिन्याला २४ किलो गॅस वाचतो. गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅसचंही पाहा. एक घनमीटर गोबरगॅस साधारण ४५० ग्रॅम एलपीजीचं काम करतो, पण तो स्वयंपाकाला वापरा, गिझरला नको.

कामाचा क्रम असा ठेवा. हिटर आणि आतले गिझर आज बाहेर. काटा आणि वही या आठवड्यात. मॅनिफोल्ड मे संपायच्या आत, कारण पाऊस लागला की पाइपाचं काम आणि दाबचाचणी रखडते. तोवर खपाचे आकडे हातात असतील, ते घेऊन तीन पुरवठादारांकडे जा. आणि १९०६ हा गॅसगळतीचा नंबर प्रत्येक खोलीत मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लावा, तुमचे पाहुणे तिन्ही भाषांचे असतात.